जो आला नाही, त्याचं काय? सामुदायिक मानसिक आरोग्यसेवा समजून घेताना

मनोरुग्णाला घरातच साखळीनं बांधून ठेवल्याची बातमी अधूनमधून येते. कधी एखाद्या मनोरुग्णालयातल्या हालअपेष्टांची येते. वाचून जीव कळवळतो आणि बहुतेकांच्या तोंडून एकच उपाय निघतो: आणखी रुग्णालयं बांधा, खाटा वाढवा. बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र कुणी तज्ज्ञ सांगत असतात की 'सामुदायिक मानसिक आरोग्यसेवा बळकट करायला हव्यात'. हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की त्यावर नजर थांबतच नाही. म्हणजे नेमकं कुणी, कुठे, काय करायचं? शिबिरं भरवायची? फलक लावायचे? की रुग्णाला घरी पाठवून हात झटकायचे?

शेवटची शंका अनेकांच्या मनात असते आणि ती अगदीच निराधार नाही. तिच्याकडे येऊच. आधी एक साधी गोष्ट बघू.

## दवाखान्याला कोण दिसत नाही

समजा, तिशीतला एक माणूस आहे. त्याला स्किझोफ्रेनिया झालाय. म्हणजे असा आजार, ज्यात नसलेले आवाज ऐकू येतात, लोक आपल्या वाईटावर टपलेत अशी पक्की खात्री वाटते आणि माणूस हळूहळू कामातून, माणसांतून उठतो. घरच्यांनी त्याला अॅडमिट केलं. औषधं लागू पडली, दीड महिन्यात आवाज थांबले. महिन्याच्या गोळ्या आणि पुढची तारीख हातात देऊन डिस्चार्ज मिळाला.

त्या तारखेला तो आला नाही.

का आला नाही? गोळ्यांनी दिवसभर झोप यायची, हात थरथरायचे. बरं तर वाटत होतं, मग गोळ्या कशाला? दवाखान्यात जायचं तर दिवसाचं काम बुडतं. रांगेत कुणी ओळखीचं भेटलं तर? यातलं एकही कारण वेडेपणाचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या सोडणारेही हीच कारणं सांगतात.

आता दवाखान्याच्या बाजूनं बघा. त्या दिवशी ओपीडीत शंभर माणसं होती. शंभरांना तपासता तपासता दुपार झाली. न आलेला एकशे एकावा कुणाला दिसला नाही, कारण तो दिसावा अशी सोयच नव्हती. सहा महिन्यांनी तो दिसला, तो पोलिसांबरोबर. पुन्हा अॅडमिट, पुन्हा डिस्चार्ज. काहींचं अर्धं आयुष्य या येरझारांत जातं.

शाळेतला हजेरीपट आठवा. त्यात 'हजर' लिहितात तसं 'गैरहजर'ही लिहितात, आणि एखादं मूल चार दिवस दिसलं नाही की बाई कुणाला तरी त्याच्या घरी पाठवतात. सामुदायिक सेवेचा गाभा माझ्या मते हाच आहे. ती कुठल्या इमारतीत चालते, तिथे किती डॉक्टर आहेत हे नंतरचे प्रश्न. न आलेल्या माणसाची चौकशी करणं हे कुणाला तरी नेमून दिलेलं, पगार देऊन करून घेतलेलं काम आहे का, हा पहिला प्रश्न. या चौकशीला आरोग्यसेवेच्या भाषेत 'पाठपुरावा' म्हणतात.

## एका वॉर्डानं उंबरठा ओलांडला तेव्हा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरात मेंडोटा नावाचं सरकारी मनोरुग्णालय आहे. १९७०च्या सुमाराला तिथल्या मंडळींना हीच येरझार छळत होती. वॉर्डात माणसं सुधारायची. स्वयंपाक, पैशांचा हिशेब, बसचा प्रवास असं सगळं शिकवून त्यांना घरी पाठवायचे आणि काही महिन्यांत ती परत यायची. फक्त एका कर्मचारी बाईंचे पेशंट फारसे परतत नव्हते. बाई काय वेगळं करत होत्या? डिस्चार्जच्या वेळी त्या पेशंटबरोबर नव्या खोलीवर जायच्या, सामान लावून द्यायच्या, कपडे धुवायचं यंत्र कसं चालवायचं ते तिथल्या यंत्रावरच दाखवायच्या, आपला फोन नंबर द्यायच्या आणि नंतरही भेटत राहायच्या.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण सगळेच म्हणतो. वॉर्डात शिकलेला स्वयंपाक घरच्या शेगडीपाशी आठवत नाही, हा त्याचाच मानसिक आजारातला अनुभव. आर्नल्ड मार्क्स, लिओनार्ड स्टाइन आणि मेरी अॅन टेस्ट या तिघांनी त्यावरून एक धाडसी निष्कर्ष काढला. रुग्णांना घरी पाठवून उपयोग नाही, त्यांच्यामागून वॉर्डच बाहेर गेला पाहिजे. १९७२ मध्ये त्यांनी वॉर्डातले कर्मचारी खरोखरच शहरात उतरवले.

या पथकाचे नियम आजही अनेक देशांत पाळले जातात. साधारण दहा रुग्णांमागे एक कर्मचारी. पथकात मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते, कामधंदा शोधून देणारी व्यक्ती, आणि आता बऱ्याच ठिकाणी या आजारातून स्वतः गेलेली एखादी व्यक्तीही असते. रोज सकाळी सगळे एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचं नाव घेतात: काल कोण भेटलं, कोण भेटलं नाही, आज कुणाकडे जायचं. रुग्ण कुणा एकाचा नसतो, पथकाचा असतो, त्यामुळे कुणी रजेवर गेलं तरी दोर तुटत नाही. भेट होते ती रुग्णाच्या घरी, त्याच्या कामाच्या जागी, रस्त्यावरच्या बाकड्यावर. बोलणं निव्वळ गोळ्यांचं नसतं. घरमालकाशी भांडण झालंय, बँकेत खातं उघडायचंय, झोप लागत नाही, काम सुटलंय, हे सगळं उपचारातच मोडतं.

स्टाइन आणि टेस्ट यांनी या प्रयोगाचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीत रुग्णांचे रुग्णालयातले दिवस खूप कमी झाले होते. पण त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चौदा महिन्यांनी ही खास मदत थांबवली, तेव्हा मिळालेला बराचसा फायदा ओसरला आणि माणसं पुन्हा रुग्णालयात भरती होऊ लागली. वर्षभराची योजना आखायची, अहवाल लिहायचा आणि निधी संपला की पथक मोडायचं, हा प्रकार या आजारांत चालत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला 'वर्षभर इन्शुलिन दिलं, आता बास' असं आपण म्हणत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंग्लंडमध्ये हीच पद्धत तपासली तेव्हा रुग्णालयातले दिवस फारसे कमी झाले नाहीत. तिथली नेहमीची सामुदायिक पथकं आधीपासूनच घरभेटी आणि पाठपुरावा करत होती, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

## कुणाची जबाबदारी, कुठपर्यंत

पोस्टमनला त्याची बीट ठरवून दिलेली असते. त्या बीटमधलं पत्र हातात आलं की 'हे माझं नाही' असं त्याला म्हणता येत नाही. सामुदायिक सेवेची मांडणी अशीच असते. फ्रान्सनं १९६० मध्ये देशाची अशा भागांत विभागणी करायचं ठरवलं. साधारण सत्तर हजार वस्तीचा एक भाग, आणि त्या भागातल्या प्रत्येक मनोरुग्णाची जबाबदारी एका पथकाची, मग तो घरी असो वा खाटेवर. हद्द ठरली की टोलवाटोलवी कमी होते.

या वस्तीतल्या प्रत्येकाला मोठं पथक लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ९७ कोटी लोक, म्हणजे दर आठांत एक जण, कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगत होते. त्यात सर्वाधिक प्रमाण नैराश्य किंवा अतिचिंता असलेल्यांचं होतं. त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रातले साधे डॉक्टर आणि प्रशिक्षित समुपदेशक मदत करू शकतात. स्किझोफ्रेनियासारखे तीव्र आजार त्या मानानं थोड्यांना होतात, पण त्यांना मदत दाट आणि दीर्घकाळ लागते. तळाशी रुंद आणि वर निमुळती होत जाणारी ही रचना आहे. गडबड होते ती ही रचना उलटी उभी केल्यावर, म्हणजे शिखरावर मोठं रुग्णालय आणि तळाशी काहीच नाही.

## 'पण हे काम डॉक्टरांचं ना?'

झिम्बाब्वेची राजधानी हरारे. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी तिथे २००६ मध्ये काम सुरू केलं तेव्हा देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्या वाट्याला आल्या वस्तीतल्या चौदा आज्या. आरोग्य केंद्राच्या आवारात एक लाकडी बाक ठेवला. त्यावर आजीनं बसायचं, मन जड झालेल्या माणसानं शेजारी बसायचं. आज्यांनी 'नैराश्य' हा शब्द बाजूला ठेवला आणि शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा' घेतला. अर्थ, फार विचार करणं. आपल्याकडे 'विचार थांबतच नाहीत' म्हणतात ना, अगदी तेच.

आजीबाईंच्या चार प्रेमळ गोष्टी, असा हा प्रकार नव्हता. आज्यांना ठरावीक पद्धत शिकवली होती: सगळ्या अडचणी बोलून घ्यायच्या, त्यातली एक निवडायची, तिच्यासाठी या आठवड्यात करता येईल असं एक पाऊल ठरवायचं, पुढच्या भेटीत विचारायचं. मोठ्या चाचणीत ही पद्धत तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, आणि बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली होती. गोव्यातही विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून नैराश्यासाठी असंच काम केलं, त्याचेही चांगले परिणाम चाचण्यांतून दिसले.

या पद्धतीला 'कामाची वाटणी' म्हणतात, आणि वाटणी या शब्दाला इथे वजन आहे. आज्यांच्या मागे प्रशिक्षक होते, आठवड्याचा आढावा होता, कुणी आत्महत्येचं बोललं तर पुढे कुणाकडे न्यायचं हे ठरलेलं होतं. आशा कार्यकर्तीच्या हातात एक माहितीपत्रक द्यायचं आणि तिच्या आधीच्या वीस कामांत एकविसावं घालायचं, याला वाटणी म्हणत नाहीत. ते ओझं टाकणं झालं. तीव्र आजाराचं निदान, औषधं ठरवणं, दुष्परिणाम बघणं हे डॉक्टरांकडेच राहतं, राहायलाच हवं.

## 'मग रुग्णालयं बंद करायची का?'

इथे इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो.

इटलीतल्या त्रिएस्ते शहरात १९७१ मध्ये फ्रांको बाझालिया मनोरुग्णालयाचे संचालक झाले. आत सुमारे बाराशे माणसं होती. बाझालियांनी दारं उघडली, पण त्याआधी आणि त्याबरोबर आणखी बरंच काही केलं. रुग्ण 'उपचार' म्हणून फुकट साफसफाई करत होते. त्यांची सहकारी संस्था काढून त्याच कामाचा त्यांना रीतसर पगार सुरू केला. १९७३ मध्ये रुग्ण आणि कलाकारांनी मिळून एक प्रचंड निळा घोडा बनवला आणि मिरवणुकीनं शहरात नेला. घोडा दारातून जाईना, म्हणून दार तोडावं लागलं. १९७८ मध्ये इटलीनं नवी मनोरुग्णालयं न उघडण्याचा आणि जुनी टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा कायदा केला. त्रिएस्तेत रुग्णालयाच्या जागी वस्त्यांमध्ये चोवीस तास उघडी केंद्रं आली. तिथे मोजके पलंग असतात, आणि तब्येत बिघडली तर माणूस आपल्याच वस्तीत काही रात्री राहतो. सर्वसाधारण रुग्णालयातही एक छोटा मनोविकार विभाग ठेवला. थोडक्यात, खाट नाहीशी झाली नाही. ती लहान झाली आणि जवळ आली.

अमेरिकेत मात्र उलटं घडलं. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सामुदायिक केंद्रांचा कायदा केला. पंधराशे केंद्रं उभारायची होती, उभी राहिली त्याच्या निम्म्याच्या आसपास. रुग्णालयं झपाट्यानं रिकामी झाली, पण वाचलेला पैसा रुग्णांच्या मागे गेला नाही. अनेक जण रस्त्यावर आणि तुरुंगांत पोहोचले.

त्याहून भयंकर घटना दक्षिण आफ्रिकेतल्या हाउतेंग प्रांतातली आहे. २०१५-१६ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं लाइफ एसिदिमेनी या खासगी संस्थेबरोबरचा करार मोडून सतराशेच्या आसपास रुग्णांना घाईघाईनं दुसरीकडे हलवलं. खर्च वाचवायचा होता, आणि समर्थन दिलं ते 'समुदायात उपचार' या धोरणाचं. कित्येकांना वैध परवाना, पुरेसं अन्न, औषधं, प्रशिक्षित माणसं असं काहीच नसलेल्या संस्थांत टाकलं. १४४ माणसं मेली. सुरुवातीला म्हटलेली हात झटकण्याची शंका म्हणून निराधार नाही. सामुदायिक सेवेचं नाव घेऊन नुसतं दार उघडलं आणि बाहेर कुणी उभं केलं नाही, तर माणसं जिवाला मुकतात. हे काम स्वस्तात होत नाही. काही वर्षं तर जुनं रुग्णालय आणि नवी पथकं, दोन्हींचा खर्च एकाच वेळी करावा लागतो.

## 'आणि बाकीच्यांच्या सुरक्षिततेचं काय?'

मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणालाही इजा करत नाहीत. उलट मारहाण, फसवणूक, अत्याचार यांना तीच जास्त बळी पडतात. तीव्र आजार उपचाराविना राहिला आणि त्यात दारू किंवा अमली पदार्थांची भर पडली, तर धोका वाढतो हेही खरं. पण तो धोका कमी करण्याचा मार्ग नियमित उपचारच आहे. कोण बिघडत चाललंय हे वेळेवर कळायचं, तर दारावर जाणारं माणूस लागतं. एकदा का पोलिसांना बोलवायची वेळ आली, की आधीच्या सगळ्या संधी हुकलेल्या असतात.

## 'शेवटी सगळं घरच्यांच्याच गळ्यात ना?'

ही तक्रार सगळ्यांत खरी आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. रुग्णाजवळ राहायचं, आजार म्हणजे काय ते समजून घ्यायचं, सांभाळायचं कसं ते शिकायचं आणि बरोबरच घरी जायचं. काळाच्या फार पुढचा विचार होता तो. रुग्णाला घरच्यांपासून तोडणं हाच तेव्हाचा जगभरचा रिवाज होता.

त्याच सुमाराला लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञांना वेगळंच काही दिसलं. डिस्चार्जनंतर आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेल्या पुरुषांपैकी अनेकांचा आजार उलटत होता, आणि भाड्याच्या खोलीवर राहणारे त्या मानानं बरे राहत होते. पुढच्या संशोधनातून कारण कळलं. ज्या घरात सतत टोमणे, चिडचिड किंवा टोकाची काळजी असते, तिथे आजार लवकर परततो. यावरून घरच्यांना दोष देणं सोपं आहे, आणि ते साफ चूक आहे. दिवसभर अंथरुणावर पडलेला मुलगा आळशी नाही, आजारानंच त्याची उमेद गेलीय, हे त्या आईला कुणी सांगितलेलंच नसतं. ती वर्षानुवर्षं झोपलेली नसते. चिडेल नाही तर काय करेल? घरच्यांना आजार समजावून सांगितला, अडचणीत काय करायचं ते शिकवलं, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हेही त्याच संशोधनातून पुढे आलंय.

बेल्जियममधल्या खेल गावाचं उदाहरण इथे बोलकं आहे. मध्ययुगापासून तिथली कुटुंबं परक्या मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेत आलीत. आज त्या कुटुंबांना मोबदला मिळतो, पाठीशी व्यावसायिक पथक असतं, गरज पडली तर रुग्णालय असतं. परक्याला सांभाळणाऱ्या कुटुंबाला इतका आधार, आणि पोटच्या पोराला सांभाळणाऱ्या आईला काहीच नाही, हा न्याय कुठला? जिथे घरच्यांना प्रशिक्षण नाही, आठ दिवस विसावा घ्यायचा तर रुग्णाला ठेवायला जागा नाही, रात्री दोन वाजता फोन करायला नंबर नाही, तिथे सामुदायिक सेवा आहे असं मी म्हणणार नाही.

घरभेटींचा एक काटाही आहे. दारात आरोग्य खात्याचं माणूस दिसलं की शेजारी कुजबुजतात. म्हणून अनेक पथकं गणवेश घालत नाहीत, भेट कुठे व्हावी हे रुग्णालाच विचारतात.

## भारतात हे कुठवर आलंय

भारत या विषयात नवखा नाही. १९७०च्या दशकात बंगळुरूजवळ सकलवाडा इथे आणि हरियाणात रायपूर रानी इथे गावपातळीवर प्रयोग झाले. त्यावरून १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात पुढे पथदर्शी प्रकल्प झाला: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना शिकवायचं, औषधं खंड न पडता पुरवायची, नोंदी ठेवायच्या. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आता तो सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे.

तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जगातलं चित्रही फार वेगळं नाही. देश आपल्या आरोग्याच्या पैशांतले सरासरी दोन टक्के मानसिक आरोग्यावर खर्च करतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार त्यातलाही सुमारे दोन तृतीयांश स्वतंत्र मनोरुग्णालयांवर जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कायदा मात्र बाजूनं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर पूर्ण बंदी घातली. उपचार मिळणं हा हक्क मानला, त्यात घरी आणि वस्तीत मिळणारं पुनर्वसनही धरलं. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं द्यायचा आहे. घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत सेवाही आहे. कुणी बोलायला हवं असेल तर हा नंबर लावता येतो. पण फोन लावायला मनाची उभारी लागते, आणि तिशीतला तो माणूस फोन लावणार नाही.

आपल्या जिल्ह्यात हा कार्यक्रम कसा चालतो हे जाणून घ्यायचं असेल, तर शिबिरं किती झाली आणि ओपीडीत किती तपासले हे आकडे मागू नका, ते मिळतातच. माहितीच्या अधिकारात एक ओळ विचारा: गेल्या महिन्यात ठरलेल्या तारखेला किती रुग्ण आले नाहीत, आणि त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी कुणी जाऊन आलं? सोबत त्या नोंदवहीची प्रतही मागा, नावं झाकून.